वरच्या मजल्यावरचा टॉर्क

गेले तीन आठवडे वरच्या फ्लॅटमध्ये भिंतींना भोकं पाडणं चालू आहे. एवढ्या भोकांनंतर भिंत उरली कशी, हे कोडंच आहे. शेवटी सोसायटीकडे तक्रार करायचं ठरवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "इंग्रजीत मेल टाका, रेकॉर्डला राहतं."

खरा छळ इथून सुरू झाला.

मी 'टॉर्चर' लिहिलं. लेक मागून वाचत होती. "बाबा, टॉर्चर म्हणजे मुद्दाम हालहाल करणं. कबुलीजबाब काढायला करतात तसं. वरच्या काकांना तुझ्याकडून काय कबूल करून घ्यायचंय?" मग 'टॉर्मेंट' केलं. ते म्हणे ठणकत राहणारं. दुखऱ्या दाढेचंही असतं, दाढेच्या मनात काही नसलं तरी. 'हॅरॅस' म्हणजे पुन्हापुन्हा मागे लागून सतावणं. आणि 'पर्सिक्यूट'? "ते धर्मावरून, वंशावरून, मतांवरून. तुझी मतं काकांना कुठे माहितीयत?" (घरात तरी कोण विचारतं!)

वैतागून 'टॉर्चरस' लिहिलं, त्यातला एक आर गळला आणि झालं 'टॉर्चुअस'. म्हणजे नागमोडी. सेक्रेटरींना वाटलं असतं, मी वरंधा घाटाबद्दल लिहितोय.

शब्दकोश उघडला तर ही सगळी 'टॉर' मंडळी एकाच घरची निघाली. लॅटिनमध्ये 'टॉर्क्वेरे' म्हणजे पिळणं. टॉर्मेंटचा मूळ शब्द तर दोराला पीळ देऊन दगड फेकणाऱ्या रोमन यंत्रालाही वापरत. मला एकदम बरं वाटलं. आपल्याकडे सावकार कुळाला पिळतो, तो काय वेगळं करतो?

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरचे काका, हातात ड्रिल. "एक्स्टेन्शन बोर्ड आहे का हो? आमचा जळला." मी मशीनकडे बघतोय हे पाहून खूश झाले. "नवीन घेतलंय! टॉर्क बघा याचा!"

टॉर्क, म्हणजे पिळून फिरवण्याचा जोर. तोही त्याच घरचा.

मी बोर्ड दिला. हो, दिला. नाही म्हणायला इंग्रजीच लागतं असं नाही, पण मराठीतही जमलं नाही.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मराठीतच टाकलं, 'वरच्या मजल्यावरून फार जाच होतो.' दोन मिनिटांत काकांचं उत्तर आलं, 'सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स.'

हा शब्द आमच्या यादीतच नव्हता.