खुलासा : ‘डिजिटल अँटेना’ घ्यायची गरज नाही

‘12 जून 2009 पासून जुनी अँटेना भंगारात, डिजिटल अँटेना घ्या’ अशी ई-मेल 2009 मध्ये अमेरिकेत फिरत होती. त्या दिवशी तिथल्या मोठ्या टीव्ही स्टेशनांचं जुन्या पद्धतीचं (अ‍ॅनालॉग) प्रसारण बंद होऊन डिजिटल तेवढं उरलं. ती ई-मेल चुकीची होती. अँटेना फक्त लहरी पकडते. जुन्या टीव्हीला लागतो तो कन्व्हर्टर बॉक्स, म्हणजे डिजिटल सिग्नल त्या टीव्हीला समजेल असा करून देणारी डबी.

बॉक्स असूनही शिकागोत अनेकांना 7 नंबरचं चॅनल दिसेना, कारण ते स्टेशन त्या दिवशी यूएचएफवरून (जास्त वारंवारतेच्या लहरी) व्हीएचएफवर (कमी वारंवारतेच्या लहरी) परतलं. त्यावर तेव्हाचा उपाय असा: अँटेनाची वायर काढून एकदा स्कॅन करा (बॉक्सला चॅनल शोधायला लावा), म्हणजे चॅनलांची जुनी यादी पुसली जाईल. बॉक्सचा प्लग मिनिटभर काढा, वायर जोडा, पुन्हा स्कॅन करा. घरातल्या अँटेनाचं नुसतं गोल कडं यूएचएफपुरतंच. तेव्हा 7 साठी तिच्या दोन्ही दांड्या प्रत्येकी साधारण 42 सेंटिमीटर ओढून आडव्या धराव्या लागत. व्हीएचएफवरच्याच, फिलाडेल्फियाच्या 6 नंबरच्या चॅनलला मात्र दुपटीहून जास्त, 88 च्या आसपास.

ती ई-मेल आजही आली तर पुढे पाठवू नका; पाठवली असेल तर त्याच मंडळींना हे कळवा.