बुरशीचा पाहुणचार

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक घर बुरशीशी झुंजत असते. कपाटातले चामडी पट्टे, कोपऱ्यातल्या चपला, लग्नाचे अल्बम यांपैकी कशालाच ती सोडत नाही, आणि लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे आजही आरोपीचीच वागणूक मिळते. अशा घरात माझा मेहुणा भर श्रावणात अंगभर पांढरी बुरशी ल्यालेले चीज चक्क पैसे मोजून घेऊन आला, आणि ते चाखून अभिप्राय देण्याची जबाबदारी, त्याच्या बहिणीचा नवरा या नात्याने, माझ्यावर येऊन पडली.

चीज पुणे जिल्ह्यातल्या एका गोठ्यावर, तिथल्याच गायींच्या दुधाचे केलेले होते. आईने पहिलाच प्रश्न वर्मावर घातला: श्रावणात हे चालते का? शंका रास्त होती, कारण दूध जमवण्यासाठी लागणारे रेनेट युरोपात परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. आपल्याकडच्या नियमांत मात्र चीजला प्राणिज रेनेट चालत नाही, असे सांगून मेहुण्याने वेष्टनावरचा हिरवा ठिपका पुढे केला.

“आणि वरचं हे काय?”

“बुरशी, काकू. पेनिसिलियम.”

“म्हणजे औषधच की!” आई म्हणाली, आणि तिचा विरोध बराच मावळला.

ही बुरशी मुद्दाम लावतात. ती आधी बाहेरच्या थरातले आम्ल फस्त करते, मग तिची विकरे दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडत जातात, आणि त्यामुळे चीज बाहेरून आत असे हळूहळू मऊ होत जाते. याला बारा-तेरा अंशांचा गारवा, भरपूर दमट हवा आणि काही आठवडे लागतात. यांपैकी दमट हवा मुंबई फुकट पुरवते.

चीज फ्रीजमधून काढून तासभर ठेवावे आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच खावे, असा दंडक आहे. तो घालणाऱ्यांच्या खोल्या विसाव्या अंशाच्या आसपास असाव्यात; आमच्या गोरेगावच्या दिवाणखान्यात पंखा पाचवर फिरत असतानाही पारा तिशीखाली उतरत नाही. तास भरायच्या आतच चीजला पोट सुटले. सुरी लागताच कडेचा भाग सालीतून निसटून ताटलीभर पसरला, मधला मात्र खडूसारखा पांढरा आणि ठाम उभा राहिला. वास तर त्याच्याही आधी घरभर फिरून आला होता. बंद वेष्टनात मुरताना अमोनिया साचतो, तो थोड्या वेळात उडून जाईल, असा धीर मेहुणा देत होता. तोवर सौभाग्यवतींचे मोरीत फिनेल ओतून झाले होते.

“साल काढायची नाही हं, भावोजी. आणि नुसतं ‘छान’ म्हणू नका, काय काय लागतंय ते सांगा.”

समोरचा माणूस आपल्या जबड्याच्या हालचाली मोजत असताना चव शोधणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. तरी मी डोळे मिटले, कारण जाणकार तसे करतात असे पाहिले होते. आधी खारट लोणी लागले, मग अळंबी, आणि घास उतरता उतरता जिभेच्या मुळाशी किंचित कडवटपणा. कडेचा घास, खरे सांगतो, फर्मास होता. मधला भाग अजून आंबट चक्क्याच्या पायरीवरच अडकला होता, त्याला आणखी आठवडाभर मुरू द्यायला हवे होते. हे मत ऐकताच मेहुण्याने मला जाणकारांत काढले आणि पुढच्या महिन्यात निळ्या बुरशीचे चीज आणण्याचे जाहीर केले. शहाणपणा पाजळल्याची शिक्षा इतक्या तत्परतेने क्वचितच मिळते.

दरम्यान आईने ताटलीतले ओघळ गरम भाकरीवर ओढून घेतले होते आणि त्यावर जवसाची चटणी भुरभुरली होती. ते पाहून मेहुण्याचा चेहरा कसनुसा झाला.

“बरं लागतंय. केवढ्याला पडलं?”

मेहुण्याने प्रसंगावधान राखून किंमत निम्मी करून सांगितली. तेवढ्या पैशांत किती लिटर दूध आले असते याचा हिशेब आईने तोंडी मांडला, मेहुण्याला ऐकवला आणि दुसरी भाकरी घेतली.