जोडीचं वजन

"वहिनी, सपोर्ट एकदम छान दिलात हं तुम्ही!"

काल संध्याकाळी भरल्या हॉलमध्ये, माइकवरून, हे माझ्याबद्दल बोललं गेलं. बोलणारा पंचविशीतला ट्रेनर. माझ्या शेजारी नवरा, गळ्यात पदक. पदक एकच होतं, कारण जोडीला एकच द्यायचं ठरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात रिकामेच होते.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकते. महिनाभराचं जोडीने करायचं फिटनेस चॅलेंज. नवऱ्याने फॉर्म भरला आणि मग मला विचारलं. आमच्याकडे क्रम असाच असतो. साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, रोज ३ लिटर पाणी, रोज १०,००० पावलं, वर रोज ताटाचा फोटो ग्रुपवर. शेवटी दोघांचं घटलेलं वजन एकत्र करायचं आणि त्यावर जोडीचा नंबर काढायचा.

या दहा हजार पावलांचं एक सांगते. १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं, पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मोजक. टोकियो ऑलिंपिक आदल्याच वर्षी होऊन गेलेलं, लोकांच्या अंगात व्यायाम संचारलेला, आणि आकडा कसा गोल, तोंडात बसणारा. डॉक्टरांनी तपासून-बिपासून ठरवलेला नव्हे, माल खपवायला काढलेला. ही माहिती मी नवऱ्याला रात्री पावणेबाराला दिली, तेव्हा तो सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. "नऊ हजार सहाशे," तो म्हणाला आणि टीपॉयला वळसा घालून निघून गेला. पुढे त्याला शोध लागला की घड्याळ मनगटावर असल्यामुळे दात घासतानाही पावलं पडतात. तेव्हापासून त्याच्या दातांची जी निगा राखली गेली, ती लग्नाआधीही राखली गेली नसेल.

तेच घड्याळ त्याला जळलेल्या कॅलरीही सांगायचं आणि तो मला सांगायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची अशी सात यंत्रं तपासली होती. नाडी बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजली, पण कॅलरी मोजताना त्यातल्या त्यात बरं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. आमच्या घरातलं कुठल्या टोकाचं आहे याबद्दल माझं मत ठाम आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. म्हणजे मी येते. तो तिथे फक्त काट्यावरचा आकडा वाचायला यायचा. "१२० ग्रॅम लिहिलंय, हे १२६ झालं." मग मी सहा ग्रॅम काढायचे. काढलेलं कुठे जातं, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही. अंडी उकडणारी मी, सोलणारी मी, पांढरं खाणारा तो. चार्टवर स्वच्छ लिहिलं होतं, 'फक्त पांढरा भाग'. पिवळ्याचं काय करायचं याबद्दल चार्टमध्ये अवाक्षर नव्हतं, आणि अन्न टाकायची मला सवय नाही.

पहिल्याच आठवड्यात तो दोन किलोंनी उतरला. यामागचं शास्त्र मला माहीत होतं, पण माहीत असण्याचा काडीचा उपयोग होत नाही. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं. त्याच्या दर ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं आटलं की हा साठा आधी रिकामा होतो, म्हणजे सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणी. ज्याचे स्नायू जास्त, त्याचा साठा मोठा. शिवाय स्नायू नुसतं बसल्या बसल्याही जास्त जाळतात. पुरुषांना हे सगळं फुकटात मिळतं. पण ग्रुपवर याला 'विलपॉवर' असं नाव पडलं आणि खाली टाळ्यांचे हात उमटले.

माझं वजन तिसऱ्या आठवड्यात वाढलं. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, काटा वर जातो, पाळी झाली की खाली येतो. निम्म्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट. चार्टवर प्रवासाला रकाना होता, आजारपणाला रकाना होता, 'चीट मील'ला तर रंगीत रकाना होता. याला नव्हता. ट्रेनरचा मेसेज आला, "मॅडम, रात्री काही खाल्लं जातंय का? खरं सांगा," आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही. कधी कधी उघडून बघते आणि नव्याने चिडते.

तर काल शेवटचं वजन. यंत्र नुसतं वजन करणारं नव्हतं. त्यावर अनवाणी उभं राहायचं, मग ते तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. रांग मोठी होती. नवरा पुढे, मी त्याच्या मागे, आणि माझ्या मागे त्या बाई. साठीच्या असाव्यात. हातात मोठी पिशवी, आणि रांग पुढे सरकेल तशा त्या एकेक वस्तू अंगावरून काढून त्या पिशवीत टाकत होत्या. आधी स्वेटर, मग घड्याळ, मग केसांतल्या पिना, एक एक, ओठांत धरून.

"ताई, तुमचा चष्मा," त्या पिनांमधून म्हणाल्या.

"काय झालं चष्म्याला?"

"काढा. तीस ग्रॅम जातात."

मी चष्मा काढला. आता मला पुढचं काही दिसेना, त्यामुळे बाईंचा सल्लाच काय तो आधार.

"केस धुऊन आलात?"

"सकाळी."

"अरेरे! ओले असतील आतून. मी तीन दिवस धुतलेले नाहीत." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि खरं तर सांगायची गरज नव्हती. "आणि हे बघा, काट्यावर चढायच्या आधी श्वास सोडायचा, पूर्ण. आकडा स्थिर होईपर्यंत घ्यायचा नाही. हवेला वजन असतं."

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "अहो, पण आपण हवेतच उभ्या आहोत ना? आतली हवा आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच. फुगलेली छाती तेवढीच जास्त हवा बाजूला सारते, म्हणजे हिशेब फिटतो. आर्किमिडीज!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं असावं; चष्म्याविना खात्री नाही. "तो काट्यावर उभा राहिला होता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो टबात होता म्हणतात. "मग!" बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

यंत्रापाशी पॅड घेऊन एक मुलगा उभा होता. बाईंनी माझ्या खांद्यावरून त्याला हाक मारली. "दादा, यातून करंट जातो ना?"

"हो, पण कळतसुद्धा नाही काकू."

"मग त्याने थोडी चरबी जळत असेल."

"नाही काकू, फक्त मोजतं."

"थोडी तरी?"

"नाही हो."

"मग मी दोनदा उभी राहिले तर चालेल?" मुलाने पॅडमध्ये काहीतरी लिहिलं. मला वाटतं त्याने नोकरीचा राजीनामा लिहिला असावा.

नवरा चढला. चार किलोंच्या वर घट. हॉलमध्ये 'ओहो' झालं. मग मी चढले. शपथेवर सांगते, मी श्वास पूर्ण सोडला होता. मुलगा आकडा पुटपुटला असता तरी चाललं असतं, पण त्याच्या आणि माझ्यामध्ये बाई होत्या, आणि त्यांनी तो वाकून वाचला. "सातशे ग्रॅम?" त्यांचा आवाज माइकची गरज नसलेला. "महिनाभरात सातशे? आणि मिस्टरांचे चार किलो? ताई, त्यांचं जेवण कोण मोजत होतं?"

"मीच."

"आणि तुमचं?"

मी काहीच बोलले नाही. पण महिनाभरात हा प्रश्न विचारणारी पहिली व्यक्ती ही तीन दिवस न्हायलेली नसलेली बाई होती, हे मला तिथल्या तिथे जाणवलं आणि घशाशी काहीतरी आलं. भूकही असेल.

त्या स्वतः पावणेतीन किलोंनी उतरल्या होत्या. त्यांचे जोडीदार, म्हणजे त्यांचे मिस्टर, दुसऱ्याच आठवड्यात गुडघ्याचं निमित्त करून बाद झाले होते. जोडी मोडली म्हणून बाईंचा गुणच धरणार नाहीत असं कळलं, तेव्हा त्यांनी ट्रेनरला गाठलं. "कमी मी केलं ना? मग त्यांच्या गुडघ्याचा काय संबंध?" ट्रेनरने नियमावलीकडे बोट दाखवलं. बाईंनी पिशवीतून चष्मा काढून नियमावली पहिल्यापासून वाचायला घेतली, मोठ्याने. बक्षीस समारंभ त्यामुळे बराच लांबला, याचं श्रेय त्यांना कोणी दिलं नाही, म्हणून मी इथे देते.

घरी येताना नवरा खुशीत होता. पदक टीव्हीशेजारी लावलं. मग सोफ्यावर बसून म्हणाला, "आता मेंटेनन्स फेज. खरी कसोटी यातच असते. उद्यापासूनचा चार्ट तू बनवशील ना?" मी म्हटलं, काटा ओट्याखालच्या दुसऱ्या खणात आहे, आणि अंडं सोलताना आधी गार पाण्यात टाकायचं, म्हणजे साल लवकर सुटते. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

रात्री झोपताना फोन वाजला. बाईंनी रांगेतच माझा नंबर घेतला होता. "ताई, पुढच्या महिन्याच्या फॉर्मचे नियम वाचले. जोडी म्हणजे दोन माणसं एवढंच लिहिलंय, नवरा-बायको कुठेच नाही. आपण दोघी भरू या? फक्त केस माझ्या सांगण्याप्रमाणे धुवायचे."

मी हो कळवलंय. केसांचं बोलणं अजून चालू आहे. दोन दिवसांवर त्या तयार होतील असं दिसतंय.