मयताचे मासिक उत्पन्न : निरंक

आज सकाळी शेजारच्या इमारतीत तेराव्याला जाऊन आले. परत येऊन दोन तास झाले, तरी कानात एकच वाक्य घुमते आहे, म्हणून लिहायला बसले. गेलेल्या ताई ३८ वर्षांच्या होत्या. धाकट्याला शाळेच्या बसमध्ये बसवून घरी परतताना एका भरधाव गाडीने त्यांना उडवले आणि रुग्णालयात पोहोचण्याआधीच सगळे संपले. पाने वाढली जात असताना एका ज्येष्ठ नातलगांनी त्यांच्या यजमानांना, जे अजून कोणाशी धड बोलतही नाहीत, जवळ बसवून समजावले, "दावा लावायचा तर लावा, पण फार आशा ठेवू नका. कमावत्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. गृहिणीचे काय मिळणार? लोकअदालतीत देतील ते घ्या आणि मोकळे व्हा." पलीकडून एक बाई म्हणाल्या की असला पैसा अंगी लागत नाही. तिथे बसलेल्या वीस-पंचवीस माणसांपैकी कोणीही त्यावर काही बोलले नाही. मीही बोलले नाही, कारण समोर ताईंचा आठ वर्षांचा मुलगा बसला होता.

माझी मामी २०१२ साली गेली. ती गिरणीतून दळण घेऊन येत होती आणि एका टेम्पोने तिला मागून धडक दिली. घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल मी स्वतः वाचली आहे. त्यात रस्त्याची रुंदी आहे, टायर घासल्याच्या खुणांची लांबी आहे, आणि मध्येच एक ओळ आहे की रस्त्याच्या डाव्या बाजूस स्टीलचा डबा चेपलेल्या स्थितीत असून सभोवताली गव्हाचे पीठ सांडलेले दिसते. ही ओळ पोलिसांनी लिहिली आहे आणि तिच्याखाली दोन पंचांच्या सह्या आहेत. त्यानंतर काही महिन्यांनी वकिलांच्या कारकुनाने भरपाईच्या दाव्याचा अर्ज मामाच्या पुढे ठेवला. मयताचा व्यवसाय या रकान्यात मामाने 'घरकाम' लिहिले आणि मासिक उत्पन्नाच्या रकान्यात, कारकुनाने सांगितले म्हणून, 'निरंक', म्हणजे काहीच नाही. पाच माणसांचे दळण डोक्यावर घेऊन येताना जी बाई रस्त्यावर मेली, तिच्या नावापुढे तिच्याच नवऱ्याच्या हाताने निरंक लिहिले गेले. मामाने तो शब्द लिहिला तेव्हा मी शेजारी बसले होते आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे मला आजही सहन होत नाही.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी मामाला विचारले, "मयत काही कमवत नव्हत्या, हे खरे आहे काय?" मामा म्हणाला, "खरे आहे." पुढचा प्रश्न, "म्हणजे कुटुंबाला त्यांच्यापासून काहीही आर्थिक मिळकत नव्हती?" मामा पुन्हा म्हणाला, "नव्हती." शपथेवर खोटे बोलायचे नाही एवढेच त्या माणसाला ठाऊक होते. मामी गेल्यापासून स्वयंपाकाच्या बाईला, अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी दिवसभर ठेवलेल्या मदतनीस बाईला आणि मुलांच्या शिकवणीला दर महिन्याला पैसे जात होते, ते त्याने कधी मामीच्या नावाशी जोडून पाहिलेच नव्हते. वकिलांनी त्यांचे काम केले, हे मी मान्य करते. पण त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना मामा जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "आज मी तिची किंमत शून्य आहे असे सांगून आलो."

निकाल २०१६ मध्ये लागला. मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने मामीच्या श्रमाचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये झाले. त्यातून एक चतुर्थांश रक्कम ती स्वतःवर खर्च करत असणार म्हणून वजा झाली आणि उरलेल्या २७,००० रुपयांना तिच्या ४३ वर्षांच्या वयानुसार १४ ने गुणले, ते ३,७८,००० रुपये. त्यावर अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी अशा ठरावीक रकमा आणि व्याज. गुणक आणि वजावटीचे हे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिले आहे आणि त्यामुळे देशभरातल्या निकालांत निदान एकसारखेपणा आला, हेही खरे. पण मामीने स्वतःवर एक चतुर्थांश खर्च केला? दिवाळीची एक साडी आणि चष्म्याची बदललेली काच, याहून अधिक तिने स्वतःवर काही खर्च केलेला आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

आता त्या ३,००० रुपयांविषयी, कारण मला खरा राग त्याचा आहे. १९८९ च्या मार्च महिन्यात जमशेदपूरला एका कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागून अनेक स्त्रिया आणि मुले दगावली. त्यांच्या कुटुंबांच्या भरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणींच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. त्या काळी तो निकाल मोठाच होता, कारण मोटार वाहन कायद्याच्या अनुसूचीत उत्पन्न नसलेल्या व्यक्तीचे काल्पनिक, म्हणजे भरपाईच्या हिशोबासाठी गृहीत धरायचे, उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये आणि कमावत्या नवऱ्याच्या बायकोचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश असे लिहिलेले होते. नवऱ्याचा पगार कमी, तर बायकोच्या पोळ्याही स्वस्त, असा तो हिशोब होता. पण १९८९ च्या दुर्घटनेसाठी धरलेला आकडा २०१२ मध्ये मेलेल्या माझ्या मामीला जसाच्या तसा लावला जातो आणि त्यात कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नाही, याला मी काय म्हणू? त्या तेवीस वर्षांत गव्हाचा भाव तोच राहिला होता का? दळणाचा दर तोच राहिला होता का?

न्यायालयांनी काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात टाकले होते, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुण कुमार अगरवाल प्रकरणात स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदवली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नातही भविष्यातील वाढ धरता येते असे न्यायालयाने सांगितले आणि २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा दाखला दिला, ज्यात बाई विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर न्यायालयाने म्हटले की गृहिणीचे उत्पन्न कोणत्याही परिस्थितीत रोजंदारीवरच्या मजुराच्या वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. हे वाचून मला बरे वाटले आणि लगेच संतापही आला, कारण हे सांगायला २०२४ साल उजाडावे लागले. आणि आज सकाळी त्या पंगतीत जे ऐकले, त्यावरून एवढेच दिसते की निकाल दिल्लीत लागतात आणि आपल्या घरांत अजून निरंकच चालू आहे.

"असला पैसा अंगी लागत नाही" असे म्हणणाऱ्या बाईंविषयी मला राग नाही. त्यांनी ते आपल्या आईकडून ऐकले असेल आणि आईने आजीकडून. पण माणूस विकून पैसा घेतला असे ज्या आवाजात म्हटले जाते, त्या आवाजाने कितीतरी कुटुंबे दावाच दाखल करत नाहीत. भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने तृतीय पक्षाचा विमा उतरवलाच पाहिजे अशी सक्ती कायद्याने केली आहे, ती याच दिवसासाठी. ज्या मुलाला उद्या बसपर्यंत सोडायला कोणी नाही, त्याचा त्या पैशावर हक्क आहे. पैशाने आई परत येत नाही, एवढे मला कळते, ते मला कोणी शिकवू नये.

खोटे दावे करणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या दावेदाराकडेही संशयाने पाहिले जाते, हे मी नाकारत नाही. पण त्याची शिक्षा तेराव्याच्या पाटावर बसलेल्या माणसाला का?

त्या यजमानांना जे सांगायला हवे होते आणि सकाळी सांगता आले नाही, ते इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कोणाला ना कोणाला ते कधीतरी लागेल आणि त्या वेळी डोके ठिकाणावर नसते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, तो गेला की नाही हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावावा लागतो असे नाही, तुम्ही राहता तिथेही लावता येतो. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही दवडू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हाती काहीच लागत नाही असे नाही, मृत्यूसाठी पूर्वी २५,००० रुपये मिळत, आता २ लाख मिळतात. आणि वकिलांनी मिळणाऱ्या रकमेत टक्का मागितला तर तसा करार वकिलांच्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे, हे लक्षात असू द्या.

सर्वांत महत्त्वाचे, "देतील ते घ्या आणि मोकळे व्हा" या सल्ल्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळू शकतात आणि चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. घर अडचणीत असताना ते लवकर मिळालेले बरे वाटतात, आणि काही घरांना ते घेण्यावाचून गत्यंतरही नसते. पण ती रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे न्यायाधिकरणापुढचा पूर्ण भरपाईचा, दावा तिथेच संपतो, हे सही करण्याआधी कोणीतरी सांगायला हवे. आता या ताईंचाच हिशोब करून पाहा. त्यांच्या श्रमाचे मूल्य न्यायाधिकरणाने दरमहा १२,००० रुपये जरी धरले आणि वय चाळीसच्या आत म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे त्यात भविष्यातील ४० टक्के वाढ धरली, तर महिना १६,८०० होतो. मागे नवरा आणि दोन मुले, म्हणून एक तृतीयांश वजा आणि ३८ व्या वर्षाचा गुणक १५. हे २०,१६,००० रुपये होतात. न्यायाधिकरण एवढे देईलच असे मी म्हणत नाही, पण विचारण्याआधीच "गृहिणीचे काय मिळणार" म्हणून ते सोडून देण्याचा अधिकार त्या ज्येष्ठांना कोणी दिला? आपल्या मागे उभ्या राहून पान वाढणाऱ्या स्वतःच्या पत्नीकडे त्यांनी त्या क्षणी मान वळवून पाहिले असते, तर हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ते गृहस्थही वाईट नाहीत, तेरा दिवस त्यांनीच त्या घराचे सगळे पाहिले. माझा मामाही वाईट नव्हता. मामीचे पैसे आले ते त्याने मुलांच्या नावाने ठेवीत टाकले, आणि घराचे छत गळत असतानाही त्यातला रुपया मोडला नाही. मात्र निकालाची प्रत घरी आली त्या रात्री त्याने मला मामीच्या स्वयंपाकघरातले जुने कॅलेंडर दाखवले, जे त्याने चार वर्षे भिंतीवरून उतरवले नव्हते. प्रत्येक चौकोनात तिच्या बारीक अक्षरात दुधाचे लिटर आणि खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आजीच्या गोळ्या संपण्याचा दिवस, फीचा हप्ता, दळणाचे किलो. १६ तारखेच्या चौकोनात "दळण ८" एवढेच लिहिले होते आणि पुढचे चौकोन कोरे होते. मामा म्हणाला की हे न्यायालयात दाखवायचे असते, हे मला कोणी सांगितलेच नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर मी त्या यजमानांना फोन केला. दाव्याविषयी आज काहीच बोलले नाही, त्यासाठी रविवारी जाणार आहे. एवढेच विचारले की स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे का आणि त्यावर ताई काही लिहीत होत्या का. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हो, आहे. मागच्या दोन वर्षांचीही फ्रिजच्या वर ठेवलेली आहेत, उद्या आवराआवरीत रद्दीत जाणार होती." मी म्हटले, जाऊ देऊ नका.