बसलं की होतंय

सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. पावसात एक म्हातारा माणूस सरकारी ऑफिसच्या कंपाउंडला टेकून बसलाय, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, गळ्यात पुठ्ठा. पुठ्ठ्यावरची शाई ओघळलीय, त्यामुळं काय लिहिलंय ते वाचता येत नाही. खाली आमच्या एका दोस्तानं लिहिलं होतं, 'आजचं खुळं'. त्याखाली तेवीस हसणारे चेहरे. त्यातला एक माझा.

होय, मीपण दाबला. चहा पिता पिता, सवयीनं. मग दिवसभर ते काय डोक्यातनं जाईना, म्हणून आता रात्री साडेदहाला हे लिहायला बसलोय. लांबणार आहे. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी पुढं सरका, रील बघा.

तो माणूस मला तोंडओळखीचा आहे. कामावर जाताना माझी गाडी तिथनंच जाते. आज नववा दिवस त्याचा. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, तिसऱ्या दिवशी वॉचमननं काढायला लावली, सरकारी जागेत खुर्ची ठेवायची नाही म्हणून. तेव्हापासून खाली सिमेंटचा कागद टाकून बसतो. मांडव नाही, स्पीकर नाही, फ्लेक्स नाही. गडबड होऊ नये म्हणून पोलीस देतात ती नोटीस मिळालीय, पूर्वी १४९ ची म्हणायचे, आता १६८ ची म्हणतात. नोटीस तीच, कायद्याचं पुस्तक बदललं. ती त्यानं बाकीच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलीय.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. आरोप त्याचा आहे, शाबित व्हायचाय.

प्रकरण एका ओळीचं आहे. त्याच्या घरापुढचा काँक्रीटचा रस्ता आणि गटार कागदावर पूर्ण झालंय, बिल निघालंय, आणि जाग्यावर ते अर्ध्यात संपतंय. मारुतीच्या देवळापाशी. तिथनं पुढं चिखल. यानं काय केलं, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. अपील केलं. मग पानाला दोन रुपये भरून मोजमाप पुस्तिकेच्या झेरॉक्स मिळाल्या, ते लोक तिला 'एमबी' म्हणतात. एमबीत लिहिलेली लांबी आणि रस्त्याची लांबी जुळेना. तर आता त्याची मागणी काय? कुणाला सस्पेंड करा म्हणत नाही, चौकशी समिती मागत नाही. म्हणतो, माझ्यासमोर रस्ता मोजा. बस्स.

खरं-खोटं मला माहीत नाही. चुकला असेल तो मोजायला, वय झालंय. पण मग या की खाली, टेप घेऊन चला त्याच्याबरोबर, अर्ध्या तासाचं काम आहे. नऊ दिवस झाले, अर्धा तास मिळेना?

मी व्हिडिओखाली एवढंच विचारलं की ह्यात हसण्यासारखं काय आहे (माझा हसरा चेहरा गुपचूप काढून टाकला होता, तेही सांगून टाकतो). तर पहिला प्रश्न आला, 'त्याच्या मागं कोण हाय?'

हेच. हेच ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकटा माणूस बसलाय म्हटल्यावर आपल्याला पहिली शंका ही येते, की कुणीतरी बसवलाय. दहा हजार लोक आले की आपण विचारत नाही मागं कोण. तिथं आपल्याला मागचा, पुढचा, ट्रकवर उभा असलेला, सगळा दिसतो आणि आपण खूश. ह्याच्या मागं भिंत आहे रे. ओली भिंत. जाऊन बघा.

माझे वडील, आबा, असेच बसले होते. २००९ साली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलीय, आमच्या कट्ट्यावर, पन्नासदा तरी. आज ती मी सांगतो.

आजी गेली आणि गावाकडची चौदा गुंठे जमीन आबा आणि आत्याच्या नावावर व्हायची होती. वारस नोंद. साधं काम. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग नोटीस, पंधरा दिवसांत कुणाची हरकत नसली की फेरफार मंजूर. हरकत घ्यायला होतं कोण? पण नोटीसच निघेना. 'साहेब फिरतीवर', 'रजिस्टर वर गेलंय', 'मंगळवारी या'. मंगळवारी गेलं की गुरुवार. शेवटी तिथल्या माणसानं बोटं दाखवली. दोन. दोन हजार.

आबा शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते. सगळा जन्म काळ्या मातीत आणि भट्टीपुढं गेलेला. रिटायर होऊन चार वर्षं झालेली. ते म्हणाले, मी देणार न्हाई, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन त्या ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसायला लागले. भाकरी, झुणका, कांदा. सकाळी दहाला जायचे, साडेपाचला उठायचे. आंदोलन वगैरे शब्द त्यांना माहीत असतील पण वापरायचे नाहीत. 'कुठं जातासा?' म्हटलं की 'बसाय'.

सव्वीस दिवस बसले. आणि नोंद झाली! पेढे वाटले गल्लीत. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य, कुणाचंही काम अडलेलं असू दे, 'बसलं की होतंय.'

गोष्टीचा राहिलेला भाग पुढं लिहितो. आत्ता आधी दुसरं बोलायचंय.

आपण कोल्हापूरवाले. आपल्याला लई अभिमान, आंदोलनाचं गाव म्हणून. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध लढलो तेव्हा मीपण होतो मोर्चात, दुकान बंद ठेवून गेलो होतो. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर सगळ्यांच्या पुढं, कॉम्रेड गोविंद पानसरे बरोबर. जवळजवळ पन्नास किलोमीटर रस्त्यांचा विषय. आणि त्या सगळ्यात भांडण तरी कशाचं होतं? रस्ता किती केला, कसा केला, त्याची खरी किंमत किती. म्हणजे हा म्हातारा जे विचारतोय तेच! फक्त त्याचा रस्ता देवळापासून चिखलापर्यंत आहे म्हणून तो खुळा, आणि आपण शहरभर होतो म्हणून क्रांतिकारक.

टोल घालवला आपण, ते कुणी नाकारत नाही. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी चार-चार दशकं मागणी लावून धरली, १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू झालं, आपण साखर वाटली. चांगलंच झालं. पण आज एकानं त्यावरनंच मला उत्तर दिलंय, 'आता बेंच आलंय न्हवं, कोर्टात जाऊ दे की त्याला.' अरे भावा, वकिलाची फी तू भरणार आहेस काय? त्याला दोन रुपये पानाप्रमाणं एमबीची सगळी पानं घेता आली नाहीत, निवडून घेतली त्यानं. बेंच एवढ्या जवळ आलं तरी त्याच्यासाठी मुंबईएवढंच लांब आहे.

पेठेची फुटबॉल टीम फायनलला असली की शाहू स्टेडियममध्ये आपण उन्हात उभं राहून घसा फोडतो. समोरच्या पेठेच्या पोरांबरोबर डोकी फोडायची तयारी. आणि ऑफिसच्या दारात बसलेल्या माणसाजवळ दोन मिनिटं गाडी थांबवायची म्हटलं की आपल्याला पार्किंग मिळत नाही.

बरं, दुसरी बाजू. माहिती अधिकाराचं दुकान मांडून बसलेले आहेत, मान्य. सकाळी उपोषण, रात्री सेटलमेंट, आणि पहाटे लिंबू सरबत, असले महाभाग मी जवळनं बघितलेत. प्रत्येक पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला रॉकेलच्या कॅनसकट येणारेही दर वर्षी ठरलेले. त्यांच्यामुळं खऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेना झालाय, हेही खरं. पण म्हणून काय करायचं? खोटी नाणी आहेत म्हणून पगार घ्यायचा बंद केलाय काय कुणी?

आणि ऑफिसातली सगळी माणसं खात नाहीत, हेही लिहितो, नाहीतर माझी वहिनी उद्या जेवायला वाढणार नाही. ती सरकारी नोकरीत आहे आणि रात्री आठपर्यंत फायली घेऊन बसते. मान्य. आता सातबारा पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा घरबसल्या निघतो, वारस नोंदीचा अर्जही ऑनलाइन करता येतो. तेही मान्य. पण रस्ता ऑनलाइन मोजता येत नाही ना.

आता आबांचं राहिलेलं.

सव्वीस दिवस बसून नोंद झाली नव्हती. पंचविसाव्या दिवशी... नाही, नीट हिशोबानं सांगतो, दिवस मला पाठ आहेत. दहाव्या दिवशी आबांना तिथं बाकावर चक्कर आली. उन्हाळा होता. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाले, पाणी प्यायले आणि परत बसले. मला गावातल्या एकानं फोन केला. मी दुपारी कामावरनं सुटी काढून गेलो. आबांच्या नकळत मागच्या बाजूला टपरीवर त्या माणसाला बोलावलं आणि दोन हजार रुपये पेपरात गुंडाळून दिले. त्यानं मोजलेसुद्धा नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले. 'तुमचे वडील लई चांगले आहेत हो,' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. पंधरा दिवस कुणाची हरकत नाही. सव्विसाव्या दिवशी आबांच्या हातात फेरफार. जिंकले माझे आबा.

सांगणार होतो. पेढे वाटत होते तेव्हा सांगणार होतो. पण त्यांचं तोंड बघितलं आणि सांगितलं नाही. २०२१ ला गेले, तोवर बारा वर्षं सांगितलं नाही. आज इथं लिहितोय, बायकोलापण आत्ताच हे वाचून कळणार आहे.

यातली वाईट गोष्ट पैसे दिले ही नाही. म्हणजे आहेच, पण त्याहून वाईट वेगळी आहे. आमच्या गल्लीत एक काका होते, त्यांच्या पेन्शनची फाईल अशीच कुठंतरी अडकलेली. आबांनी त्यांना सांगितलं, पैसं देऊ नका, बसा, बसलं की होतंय. ते बसले. एक महिना, दोन महिने, पाच महिने. झालं नाही. एक दिवस आमच्या दारात येऊन म्हणाले, 'तुमचं झालं, माझं का होईना?' आबांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, 'तुम्ही नीट बसला नसाल.'

मी आत स्वयंपाकघरात होतो. ऐकत होतो. बाहेर आलो नाही.

त्या काकांनी काय चूक केली होती? त्यांना गुपचूप पैसे देणारा पोरगा नव्हता, एवढीच. माझ्या दोन हजारांनी आबांचं काम झालं, आणि आबांचं सगळ्यात लाडकं वाक्य खोटं झालं. ते बिचारे शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले.

२०१८ ला कायदा बदलला, आता लाच देणाराही सरळ गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवायचं. १०६४ ला फोन लावला तरी अँटी करप्शनवाले तक्रार घेतात. माझ्या वेळचा कायदा वेगळा होता, पण मी काय तेव्हा कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. आबांना उन्हातनं उचलायचं होतं मला. परत तसंच झालं तर परत देईन काय? माहीत नाही. खरंच माहीत नाही. देईन बहुतेक. म्हणून तर त्या म्हाताऱ्याला हसायचा हक्क मला सगळ्यात कमी आहे.

संध्याकाळी सुटल्यावर गेलो त्याच्याकडं. थर्मासमधनं चहा आणि एक ताडपत्रीचा तुकडा घेतला होता. आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं मला, त्यानं पहिल्यांदा विचारलं, 'कुठल्या पेपरचं तुम्ही?' पेपरचा नाही म्हटलं. 'मग पार्टीचं?' तेही नाही म्हटल्यावर जरा घाबरलाच. म्हटलं, चहा आणलाय. मग सिमेंटच्या कागदावर सरकला आणि जागा केली.

पिशवीतनं कागद काढून दाखवले. पाऊस लागू नये म्हणून ताडपत्री आम्ही दोघांनी डोक्यावर धरली होती आणि तो एका हातानं पानं उलटत होता. एमबीतला आकडा, त्याच्या वहीतला आकडा. त्याच्या वहीत एकच रस्ता चारदा मोजलेला आहे आणि चारही वेळा आकडा थोडा-थोडा वेगळा आलाय. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, 'टेप पन्नास मीटरची हाय. दुसरं टोक धराय माणूस लागतंय. पयल्यांदा मंडळीनं धरलं, तिचं गुडघं दुखत्यात. मग दगुड ठेवला टोकावर. दगुड सरकतोय.'

तेवढ्यावरच ऑफिसवाल्यांनी त्याचा अर्ज परत केलाय. 'अर्जदाराच्या मोजमापात तफावत आढळते.' सहीशिक्क्यासकट.

मला हसायला आलं आणि मग काही बोलताच येईना. नऊ दिवस आपण सगळे गाड्यांवरनं त्याच्या पुढनं गेलो. त्याला पाठिंबा नको होता, व्हिडिओ नको होता, शाहूनगरी-बिहूनगरी काही नको होतं. टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस पाहिजे होता.

रविवारी पहाटे साडेपाचला जाणार आहे मी. रहदारी सुरू व्हायच्या आत मोजायचं म्हणतोय तो. वही-पेन माझं, टेप त्याची. आकडे लिहून घ्यायला अजून एक जण लागेल, आणि साक्षीदार म्हणून सही करायला दोघं असले तर बरं. सहीखाली स्वतःचं नाव-पत्ता लिहावं लागेल, आधीच सांगतोय. माझ्या गाडीत तिघांची जागा आहे. मिरजकर तिकटीला पाच वाजता थांबतो. व्हिडिओ काढायला येणाऱ्यांनी झोपून राहिलं तरी चालेल.