पदवीला कलेचा धक्का लागू नये म्हणून

संगीत, नाट्य किंवा चित्रकला यांपैकी एखाद्या विषयात पदवी घेण्याचे आपण ठरवलेच असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. बारावीला इतके चांगले गुण असताना ‘हे काय खूळ’ असे आपले मामा पुढील तीन वर्षे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाची कृपा झाल्यास चार वर्षे, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत विचारणारच आहेत. तेव्हा आम्ही ते विचारत नाही. पदवी आणि कला या दोन स्वतंत्र वस्तू असून एकीच्या नादात दुसरीची आबाळ करू नये, एवढेच सांगतो.

यमन राग गळ्यावर चढायला वर्षे लागतात, असे जुने लोक म्हणत. वहीत चढायला अर्धे पान पुरते: थाट कल्याण, मध्यम तीव्र, वादी गंधार, संवादी निषाद, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. यातला गानसमय अधोरेखित करावा, कारण प्रात्यक्षिक परीक्षा सकाळी साडेदहाला असते आणि तेथे यमनच गायचा असतो. तानपुरा जुळवत बसून परीक्षकांचा चहा निववू नये. मोबाइलमधला लावावा, मात्र येणारे फोन आधी बंद करून ठेवावेत. आमच्या परीक्षेत एकीचा तानपुरा ऐन आलापात थांबला आणि कर्ज हवे आहे का, असे विचारू लागला. तिने गंधारावरून न हलता फोन उपडा केला. तेवढ्यापुरते तिचे गाणे खरोखर सुरेल होते, पण त्याला गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

रागांना दहा थाटांत बसवणारे पं. विष्णु नारायण भातखंडे मुळात वकील होते, त्यामुळे कोणत्याही रागाची बाजू लेखी मांडता येते याविषयी शंका नसावी. ते स्वतः गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा गोळा करत राहिले खरे, पण तो भाग पाच गुणांच्या टिपेत मावत नाही, सबब वगळावा. भीमसेन जोशी 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले आणि बरीच भटकंती करून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोहोचले. असला आततायीपणा आपण करू नये. 75 टक्के उपस्थिती भरली नाही, तर परीक्षेचा अर्जच स्वीकारत नाहीत.

नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भरतमुनींचे आठ रस क्रमाने पाठ करावेत आणि शांतरस नंतरचा, हे आवर्जून लिहावे. तालीम मात्र रखवालदाराच्या किल्ल्या वाजेपर्यंतच करावी. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा!’ म्हणून घसा फोडणारी मुले पुष्कळदा वाणिज्याची किंवा अभियांत्रिकीची असतात. त्यांना नाटकात पदवी मिळवायची नसल्यामुळे रात्रभर नाटक करणे परवडते.

चित्रकलेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्थिरचित्रासाठी निळ्या कापडावर पितळी तांब्या आणि तीन वांगी मांडतात. तिसऱ्या दिवशी वांगी सुरकुततात, देठ काळवंडतो, जांभळ्यात तपकिरी उतरते, आणि खरे तर तेव्हाच ती रंगवावीशी वाटतात. मोह आवरावा. गुण पहिल्या दिवशीच्या वांग्याला असतात, आणि शिपाईमामांनाही भरतासाठी तीच हवी असतात.