‘आंधळं शिंगरू पोसणं ही दया की हौस?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

सारंगखेड्याच्या यात्रेत वर्षानुवर्षं घोडी पारखलेल्या माणसाने फटकारलं, तर ते ऐकून घ्यायलाच हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या शिंगीला, म्हणजे घोडीच्या मादी पिल्लाला, जन्मल्या-जन्मल्या अधू ठरवायची घाई झाली, तिला ऐकू यावी म्हणून आईच्या गळ्यात घंटा बांधणं वगैरे सगळी हौस, त्याने जनावर लाडावतं, आणि जे घोडं ना स्वारीचं ना पैदाशीचं, ते जगवत ठेवणं हाच क्रूरपणा.

डोळ्यांपुढे हात नेला तरी नवजात शिंगरू पापणी मिटत नाही, हे अगदी खरं. साधारण दोन आठवड्यांनी त्याला ते जमू लागतं, तोवर त्यावरून काहीच ठरवू नये. आम्हीही ठरवलं नव्हतं. पण बाहुलीत काय दिसतंय ते बघायला थांबावं लागत नाही. आमच्या शिंगीचा डावा डोळा आतून पूर्ण पांढरा होता. उजवा अर्धवट शिजलेल्या साबुदाण्यासारखा, मधोमध पांढरा ठिपका आणि कडेने स्वच्छ. जन्मजात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन्ही डोळे तपासले, सोनोग्राफी केली. डाव्या डोळ्यात पडदाच सुटलेला निघाला, म्हणजे तिथे मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही. उजव्याचं ऑपरेशन होऊ शकतं, आणि करायचं तर पहिल्या काही महिन्यांतच बरं. पण पूर्ण भूल, नंतर दिवसातून कितीतरी वेळा थेंब, आतल्या सुजेची भीती, हे सगळं त्या डोळ्याने थोडंफार दिसत असताना ओढवून घ्यायचं नाही असं ठरलं.

ते थोडंफार म्हणजे किती, हे बघण्यासारखं आहे. भर दुपारी उन्हात बाहुली आवळते आणि नेमका पांढरा ठिपकाच उरतो. तेव्हा ती माडाच्या सावलीबाहेर पाऊल टाकायला बुजते. तिन्हीसांजेला बाहुली पसरते, कडेची स्वच्छ जागा मोकळी होते, आणि हीच शिंगी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने उधळते. म्हणून तिला मोकळं सोडायची वेळ आम्ही सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवली आहे.

जाता जाता इतर वाचकांसाठी: शिंगराचा डोळा सारखा पाणावत असेल तर आधी खालची पापणी आत वळली आहे का ते बघा. केस बुबुळाला घासून जखम होते, पण डॉक्टरांनी वेळेत टाके घातले तर डोळा वाचतो. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र घालू नका. जखमेवर ते पडले तर डोळा जायची वेळ येते.

आता घंटा. म्हशीच्या गळ्यातली साधी घंटा आहे, डिचोलीच्या बाजारातून आणलेली. शिंगरू आईच्या मागे चालतं ते बघून. हिला नीट बघता येत नाही तर ऐकून चालते. यात हौस कुठे आली? उलट पावसाने आमची परीक्षा घेतली. गोव्यात जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग घंटा कुठली. पहिल्याच मोठ्या सरीत शिंगी थानात, म्हणजे तबेल्यातल्या आपल्या बांधायच्या जागेत, जागच्या जागी गोल फिरायला लागली. आम्ही तिच्या थानावरचा पत्रा काढून कौलं घातली. पाण्याच्या टाकीभोवती आणि गडग्याच्या कडेने खडीचा पट्टा टाकला आहे; खुराखाली खडी लागली की ती आपोआप थांबते. काटेरी तार पूर्ण काढली. आणि ओठांवरचे, डोळ्यांभोवतीचे लांब राठ केस कुणालाही कापू देत नाही. प्रदर्शनात नेताना ते साफ करायची आपल्याकडे पद्धत आहे, पण घोडं अंधारात त्यांनीच चाचपतं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तर जुलै २०२१ पासून असे केस काढलेल्या घोड्यांना स्पर्धेत मनाईच केली आहे.

लाडाबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. अधू म्हणून डोक्यावर बसवलेलं शिंगरू दोन वर्षांत माणसाच्या अंगावर येतं. हिला चावा घेतला की ओरडा बसतो, मोहरकी (तोंडावरचं दोरीचं बंधन) घालून रोज चालवलं जातं, खूर उचलून घेतले जातात. फरक एवढाच की हात लावण्याआधी आवाज द्यायचा, पहिला हात खांद्यावर ठेवायचा आणि फिरून पलीकडे जाईपर्यंत उचलायचा नाही. आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, सत्तरीचा, तो कोकणीत ‘यो गो बाये’ (ये गं बाई) म्हणतो. मग सगळ्यांनी तेच म्हणायचं. गावातली पोरं बघायला येतात, त्यांनाही तेच शिकवलंय. आमच्याकडे घोडा म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणीचा लाकडी घोडा, त्यामुळे खऱ्या शिंगराचं अप्रूप फार.

क्रूरपणाचं बोलायचं तर माझ्या लेखी मोजमाप एकच, वेदना. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावराला मारायची मुभा आहे ती जगवणंच क्रूर ठरेल अशा अवस्थेत. ते उपयोगाचं नाही म्हणून नव्हे. मोतीबिंदू दुखत नाही. काचबिंदू दुखतो, तो झाला तर डोळा काढून टाकता येतो. भेदरलेलं घोडं आडवं पडून झोपत नाही, आणि ही दुपारभर पाय पसरून घोरते. दूध पिते, चंदीत, म्हणजे दाण्यात, तोंड घालते. उद्या ती खाणं सोडून कोपऱ्यात थरथरत उभी राहायला लागली, तर डॉक्टरांना मी स्वतः बोलवीन.

तोवर काळजी आहे ती उरलेल्या डोळ्याची. पावसात इथे माणसांनाही लेप्टो होतो, म्हणजे उंदरांच्या मुतातून आणि साचलेल्या पाण्यातून पसरणारा ताप. घोड्यात त्याने डोळा आतून पुन्हा पुन्हा सुजतो आणि शेवटी जातो. म्हणून दाण्याच्या पिंपांना घट्ट झाकणं, साचलेल्या पाण्यात चरणं बंद, माश्यांसाठी तोंडावर जाळी.

तिला विकणार नाही, आणि दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो म्हणून तिची पैदासही करणार नाही. दूध तोडायचं चवथीनंतर, पाऊस ओसरल्यावर. आमचं म्हातारं तट्टू आतापासूनच शेजारच्या थानात बांधतो आहोत, घंटा पुढे त्याच्या गळ्यात जाईल. तुमच्या ओळखीत कुणी असं शिंगरू वाढवलं असेल, तर आईपासून एकदम तोडलं की हळूहळू, तेवढं विचारून कळवा.